उजवा खांदा, डावा कोपर

नाजूकरावांचं वजन एकशे चार किलो. तेव्हा हे नाव त्यांना अंगकाठीवरून पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच हसत बसाल. नाव पडलं ते कामावरून. माणूस पोकलेन चालवायचा. पोकलेन म्हणजे साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं, लांब हातानं माती खणणारं ते धूड. रस्त्याचं काम निघालं की तुमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं करणारं. त्या धुडाच्या बकेटनं हा गृहस्थ जमिनीत गाडलेली पाण्याची नळी अशी उघडी करायचा की नळीचा रंगसुद्धा खरवडला जायचा नाही. थोरले मालक, म्हणजे ज्या कंत्राटदाराकडे ते ऐन तरुणपणी कामाला लागले ते, एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय नाजूक हात आहे रे तुझा!" झालं. तेव्हापासून नाजूकराव ते नाजूकराव. आता त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत आहे.

थोरले मालक गेले आणि धंदा त्यांची मुलगी बघायला लागली. साइटवर सगळे तिला ताई म्हणतात, नाजूकरावसुद्धा. पण या ताईला त्यांनी दोन वेण्या घालून वाळूच्या ढिगावर घसरताना पाहिलेलं. शाळेला सुट्टी असली की ती वडिलांबरोबर यायची. एकदा तिनं आपली पत्र्याची कंपासपेटी उघडून एका पालथ्या पिंपावर ठेवली आणि म्हणाली, "काका, बकेटनं मिटून दाखवा." मिटली. झाकणाला एक बारीकसा पोचा आला, तेवढंच. पोरीनं टाळ्या पिटल्या, सगळ्या साइटनं चहा सोडून ते पाहिलं आणि नाजूकराव दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते.

हे सगळं ज्या मशीनवर झालं तिला ते म्हातारी म्हणायचे. एकोणतीस वर्षं एकच मशीन. आणि सगळा घोळ इथंच आहे, तेव्हा जरा कान देऊन ऐका. पोकलेनच्या सीटच्या दोन्ही बाजूंना एकेक लिव्हर असतो. समोरच्या लांब हाताचे तीन तुकडे. मुळाशी बूम, त्याच्यापुढं आर्म, टोकाला बकेट. म्हातारीत डाव्या लिव्हरनं बूम वर-खाली व्हायचा आणि उजव्यानं आर्म आत-बाहेर. नव्या मशीनमध्ये नेमकं उलटं. उजव्यानं बूम, डाव्यानं आर्म. फरक एवढाच. ऐकायला काय, सोपं वाटतं. उद्यापासून तुम्ही दुसऱ्या हातानं सही करून बघा आणि मग माझ्याशी बोला.

म्हातारीच्या इंजिनानं मान टाकली तेव्हा ताईंनी महिन्याभरासाठी एक नवं मशीन भाड्यानं आणलं. नाजूकराव ऐटीत चढले. पहिल्याच तासाला पलीकडचा मातीचा ढीग ओढायचा होता. आर्म लांब करायला त्यांनी उजवा लिव्हर पुढं ढकलला, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं, आणि बूम खाली आला. खाली साइटचा फायबरचा संडास होता. संडासात सुपरवायझर होते.

बकेट छपरावर बसली. हळूच बसली हो, शेवटी नाजूकरावच ते! पण छप्पर चेपलं आणि दार चौकटीत घट्ट अडकलं. आतून आधी काहीच आवाज येईना. मग मोबाइल वाजला. मग सुपरवायझरांनी असा काही गळा काढला की पलीकडच्या साइटवरून लोक विचारायला आले. पाऊण तासानं कटावणी घालून दार उघडलं तेव्हा ते घामानं निथळत बाहेर पडले आणि कुणाकडे न बघता सरळ घरी गेले. ताईंनी विचारलं, "काका, काय झालं?" नाजूकराव म्हणाले, "जमिनीला उतार होता. मशीन सरकलं."

थाप होती ती. सपशेल थाप. आयुष्यात कामाबद्दल मारलेली पहिली. बोलून गेले खरे, पण त्या रात्री भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पाठदुखीचं निमित्त काढलं आणि भाड्याचं मशीन परत जाईपर्यंत त्यांनी साइटचं तोंड पाहिलं नाही.

सुपरवायझर मात्र संडास विसरले नाहीत. कोण विसरेल? त्यांनी ताईंच्या कानाला लागून लागून एकच धोशा लावला: नवं मशीन घ्याल तेव्हा सर्टिफिकेटवाला ऑपरेटर ठेवा, काकांचं वय झालं, त्यांना शेडमध्ये खुर्ची द्या, रजिस्टर द्या, कोण आलं कोण गेलं ते लिहितील. ताईंनी एक दिवस नाजूकरावांना बोलावलं. म्हणाल्या, "काका, बांधकामाच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतंय. चाळीस दिवस आहेत. नवं मशीन तिथंच ठरवू. चालवून बघायचीही सोय असते. तुमचा हात बसला तर मशीन तुमचं. नाही बसला तर शेडमधलं काम आहेच, पगार तोच राहील."

"हात बसायला काय झालंय?" नाजूकराव छाती काढून म्हणाले. "कुठलंही मशीन द्या ताई. डोळे मिटून चालवीन." सुपरवायझर बाजूलाच होते. त्यांनी खोकून घेतलं.

ती शेडमधली खुर्ची नाजूकरावांनी रोज पाहिलेली. पांढरी, प्लास्टिकची, एक पाय तारेनं बांधलेला. तिच्यात आधी एक जण बसायचा, तो सहा महिन्यांत डुलक्या काढायला शिकला आणि वर्षात कामाचं काही विचारलं तरी "मला काय माहीत बाबा" म्हणायला लागला. नाजूकरावांना मरणाची भीती नव्हती, त्या खुर्चीची होती. घरी आले ते जिना चढताना मध्येच बसले. वरून बायकोनं डोकावून पाहिलं. "अहो, पायरीवर काय बसलाय? भीक मागायचीय का?"

ही बाई म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ती पडदे आणि शाळेचे गणवेश शिवते. तोंडात टाचण्या धरून बोलते आणि तरी शब्द न् शब्द कळतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या दोघांचं बोलणं म्हणाल तर "आलात?", "आलो", "वाढू?", "वाढ". माणूस दिवसभर इंजिनाच्या आवाजात बसून येणार, कान बधिर, अंग आंबलेलं. जेवला की आडवा. तिचीही तक्रार नव्हती. तक्रार करायला समोरचा जागा असावा लागतो.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी सगळं ओकून टाकलं. संडास, उतार, थाप, खुर्ची. बायकोनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या. संडासाच्या ठिकाणी ती हसली, खूप वेळ हसली, पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "चाळीस दिवस आहेत ना? मग रडताय काय? शिकून घ्या."

"कशावर शिकू? घरात पोकलेन आहे का?"

"करा की एक."

आता नाजूकराव हाताचे कसबी. त्यांनी हातांची एक जुनी लाकडी खुर्ची घेतली, झाडूचा दांडा कापून दोन तुकडे केले आणि टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना असे बांधले की ढकलून सोडले की दांडे आपोआप मधोमध परत येत. लिव्हर झाले. पण लिव्हर हलवून पुढं हलणारं काही हवं ना! बायको समोर येऊन उभी राहिली, उजवा हात पुढं केला. "मी होते पोकलेन. सांगा, कुठं काय असतं."

"खांदा म्हणजे बूम. कोपरापासून पुढं आर्म. पंजा म्हणजे बकेट."

"आणि कुठल्या दांड्यानं काय हलतं?"

त्यांनी नव्या मशीनचा हिशेब सांगितला. तिनं दोनदा पुटपुटून पाठ केला. "उजवा खांदा, डावा कोपर. हं, चालवा."

टेबलावर दोऱ्याचं रीळ होतं. ते उचलायचं. नाजूकरावांनी बूम वर घ्यायला सवयीनं डावा दांडा मागं ओढला. बायकोनं ताबडतोब कोपर आत घेतला आणि तिचा पंजा फाडकन त्यांच्या नाकावर बसला.

"अगं! मारतेस काय?"

"मी कुठं मारतेय? डावा ओढलात, कोपर आत आला. मशीनला काय डोकं असतं?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी नाकावर अकरा, कपाळावर सात आणि कानशिलात चार खाल्ल्या. अठ्ठावीस वर्षांचा काही हिशेब बायकोनं त्यात चुकता करून घेतला असेल तर मी तिला दोष देणार नाही. पण शिकवत मात्र चोख होती. रोज संध्याकाळी सात वाजता शिलाई बंद, खुर्ची मध्ये, ही समोर उभी. दहाव्या दिवशी रीळ उचललं गेलं. विसाव्या दिवशी टाचणी. मध्ये मध्ये ती दमून स्टुलावर बसायची आणि मग गप्पा निघायच्या. कुठल्या शाळेनं गणवेशाचा रंग बदलला. कुठल्या साइटवर खणताना मातीत कुणाची अंगठी सापडली. ती म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत." ते म्हणाले, "तू कधी विचारलंस?" ती म्हणाली, "तुम्ही कधी जागे होतात?" त्यावर त्यांनी लिव्हर धरला.

चाळिसाव्या दिवशी ताई, सुपरवायझर, नाजूकराव आणि त्यांची बायको असे चौघे प्रदर्शनाला गेले. बायकोला का नेलं? ती म्हणाली, "सासर इतकी वर्षं ज्या मशीनवर चाललं तिचं माहेर बघू दे मला." खरं कारण असं की नाजूकरावांना आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा पचत नव्हतं आणि ती त्यांना एकटं सोडायला तयार नव्हती.

प्रदर्शन म्हणजे काय विचारू नका. एवढाली दालनं की मधून बस धावावी. दारात गळ्यात पट्टे अडकवून मिळाले, त्यावर सगळ्यांची नावं छापलेली, नाजूकरावांनी आपलं नाव वाचून "हा कोण?" असं विचारलंसुद्धा. आत लाल गालिचे आणि गालिच्यांवर पोकलेन, डंपर, रोलर, क्रेन. सगळ्यांना आंघोळ घातलेली, टायरांना काळं पॉलिश. एका लोडरच्या बकेटमध्ये तर चक्क फुलझाडांच्या कुंड्या! नाजूकरावांना ते पाहवेना. "ही काय यंत्रं आहेत? नुसती नटून बसलीत. एकाच्या पट्ट्यात चिमूटभर माती नाही." टाय लावलेली, कधी खड्डा न खणलेली माणसं रोलरला टेकून फोटो काढून घेत होती. बायकोनं मात्र प्रदर्शनाचं मर्म पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. दर स्टॉलवर कापडी पिशवी फुकट मिळते. तिनं एकेका पिशवीची शिवण ओढून बघून पाच पिशव्या गोळा केल्या आणि दोन नाकारल्या.

ताईंनी जे मशीन मनात धरलं होतं त्याच्यापाशी आले. विक्रीला उभी असलेली मुलगी हसतमुख, चुणचुणीत. तिनं सुरुवात केली, "काका, या मशीनचं वैशिष्ट्य म्हणजे..." पण काका जागेवर होते कुठं? रोज सकाळी मशीनवर चढण्याआधी नाजूकराव तिच्याभोवती एक फेरी मारायचे, प्रत्येक पिनेला बोट लावायचे आणि शेवटी खाली झोपून कुठं तेल गळतंय का बघायचे. एकोणतीस वर्षांचा नेम. हात जोडल्याशिवाय काही लोक घराबाहेर पडत नाहीत ना, तसा. पाय आपोआप फिरले, फेरी झाली, आणि एकशे चार किलोंचा देह लाल गालिच्यावर उताणा पडून मशीनखाली सरकला.

बाहेर फक्त दोन बूट दिसत होते. कुणीतरी ओरडलं, "अहो, हे पडले!" मिनिटाभरात पांढऱ्या कपड्यांतले दोघे स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि त्यांनी बूट धरून ओढायला सुरुवात केली. खालून आवाज आला, "थांबा जरा! डावीकडचा नट बघतोय!" पण प्रथमोपचारवाले असे थांबत नसतात. नाजूकराव बाहेर निघाले ते अर्धे स्ट्रेचरवर. एक जण त्यांची नाडी बघू लागला. बायकोनं पिशव्या सावरत शांतपणे सांगितलं, "काही झालेलं नाही त्यांना. ते असेच आहेत."

विक्रेत्या मुलीनं हसू दाबलं आणि पुन्हा चिकाटीनं सुरू केलं, "काका, केबिनमध्ये बसून बघा ना. आणि यात लिव्हरचं एक खास..."

लिव्हर हा शब्द ऐकताच नाजूकरावांनी चटकन मागं वळून पाहिलं. सुपरवायझर दोन पावलांवर उभे. इथं जर लिव्हरची चर्चा निघाली तर भांडं फुटलंच! ते जरा जोरातच म्हणाले, "पोरी, मला लिव्हरचं नको सांगूस. तुझ्या जन्माच्या आधीपासून लिव्हर धरतोय." ती बिचारी गप्प बसली. सुपरवायझर तेवढे मिशीत हसले.

चार वाजता बाहेरच्या मैदानात चालवून बघायची वेळ मिळाली होती. वाळू पसरलेली, भोवती दोर, दोराबाहेर दीडदोनशे माणसं. नाजूकराव चढले. केबिन गार. सीट आपणहून खाली-वर होऊन त्यांचा आकार घेऊ लागली तसे ते दचकले. तेवढ्यात खालून ताईंनी हाक मारली. त्यांच्या हातात काहीतरी चमकत होतं.

"काका, आठवतेय का?"

पत्र्याची कंपासपेटी. झाकणावरचा तो पोचा अजून तसाच. एवढी वर्षं हिनं जपून ठेवलेली! ताईंनी स्वतः जाऊन वाळूत एक पालथं पिंप ठेवायला लावलं, त्यावर पेटी उघडून ठेवली आणि लहानपणच्याच आवाजात म्हणाल्या, "मिटून दाखवा."

सुपरवायझर मोठ्यानं म्हणाले, "डोळे मिटून चालवणार होते म्हणे." लोक हसले. सगळ्यांना वाटलं गंमत आहे. नाजूकरावांना समोर पेटी दिसत नव्हती, पांढरी खुर्ची दिसत होती.

त्यांनी बूम वर घ्यायला लिव्हर ओढला. डावा. चाळीस दिवसांचा सराव वाळूत गेला आणि जुना हात धावून आला. आर्म सपकन आत आला आणि बकेट केबिनच्या काचेपासून वीतभर अंतरावर थांबली. लोकांनी "अरे!" केलं. ताईंचा चेहरा उतरला. नाजूकरावांनी दोन्ही हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवले. उजवा कुठला आणि डावा कुठला हेच आठवेना. आता मुकाट्यानं खाली उतरावं आणि शेडमध्ये जाऊन बसावं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

उतरण्यापूर्वी सवयीनं त्यांनी समोर पाहिलं, बकेटच्या पलीकडे. दोराला लागून बायको उभी होती. तिनं पाचही पिशव्या खाली टाकल्या होत्या आणि उजवा हात सरळ पुढं धरला होता, रोज संध्याकाळी सात वाजता धरायची तसा. सुपरवायझर म्हणाले, "वहिनी, काय झालं?" ती म्हणाली, "मुंग्या आल्यात हाताला," आणि खांदा वर उचलला.

खांदा. उजवा खांदा. नाजूकरावांनी उजवा लिव्हर मागं ओढला. बूम वर गेला. तिनं कोपर लांब केला. डावा पुढं, आर्म पिंपाच्या वरून पलीकडे गेला. तिनं खांदा इंच इंच खाली आणला. त्यांनी उजवा लिव्हर दोन बोटांनी ढकलला. चाळीस दिवस ते चालवायचे तशी ती हलायची. आज ती हलत होती तसे ते चालवत होते. आजूबाजूचे लोक या बाईपासून हळूहळू दूर सरकले. तिला काय पडलं होतं त्याचं? बकेटचा मधला दात उभ्या झाकणाच्या पाठीमागं येऊन थांबला. बायकोनं श्वास धरला, कोपर टाचणीएवढा आत घेतला. झाकण कललं, आणि मिटलं. दातानं वरून नुसता स्पर्श केला.

ताई धावल्या. पेटी उचलून उलटसुलट करून पाहिली. नवा पोचा नव्हता. "काका!" त्या ओरडल्या आणि टाळ्या पिटत सुटल्या. तुम्ही म्हणाल धंदा सांभाळणाऱ्या बाईनं चारचौघांत असं करावं का. केलं त्यांनी.

नाजूकराव खाली उतरले ते रडतच. त्यांनी ते लपवायचीही खटपट केली नाही. विक्रेती मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, तुमचा हात जुन्या पद्धतीचा आहे ना? पहिली ओढ बघूनच कळलं मला. मघाशी तेच सांगत होते. केबिनमधल्या पडद्यावर एक बटण आहे. दाबलं की लिव्हर जुन्या पद्धतीनं चालतात. पाच सेकंदांचं काम."

एक बटण! नाजूकरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आधी केबिनकडे, मग स्वतःच्या खांद्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "पाच सेकंद," ती म्हणाली. "माझा खांदा गेला, गणवेश रखडले, शाळेचे फोन घेऊन कान किटले, आणि पाच सेकंद! आणि ती पोर सांगत होती तर तिला गप्प कुणी केलं?"

नाजूकरावांनी मान खाली घातली. पण आता थाप पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. ते ताईंपुढं जाऊन उभे राहिले. "ताई, त्या दिवशी उतार नव्हता. माझा हात चुकला होता. खोटं बोललो मी."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "त्या जागेची लेव्हल मीच घेतली होती. पाटासारखी सपाट आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." आणि त्यांनी पेटी पर्समध्ये टाकली. "मशीन तुमचं. बटणाचं काय करायचं? जुनी पद्धत लावून घेऊ?"

"नको. आहे तसंच राहू दे," नाजूकराव म्हणाले. "जुना हात मला म्हातारीनं दिला. हा हिनं दिलाय. बटण दाबून घालवायचा नाही मला." सुपरवायझरही काही म्हणणार होते, पण नाजूकरावांनी त्यांचे दोन्ही हात धरून संडासाबद्दल अशी काही मनापासून माफी मागितली, तीही सगळ्या लोकांदेखत, की त्या माणसाला "असू दे, असू दे, जरा हळू बोला" याखेरीज शब्द सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाजूकराव घरी आले. "आलात?" "आलो." जेवले. आता सरावाची काही गरज उरली नव्हती. रोज सात वाजता खोलीच्या मध्ये असायची ती खुर्ची भिंतीला लागून उभी होती आणि शिलाई मशीन रखडलेल्या गणवेशांवर खडखड चाललं होतं. आडवं व्हायची सोय होती. पण त्यांना झोप येईना. ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले, रीळ उचलून पाहिलं, ठेवलं. शेवटी म्हणाले, "सराव सोडायचा नसतो गं. हात विसरतो."

शिलाई थांबली. "हो बाई," ती टाचण्या काढत म्हणाली, "हात फार विसरतो." तिनं खुर्ची ओढून मध्ये घेतली. नाजूकराव बसायला पुढं झाले तर ती आधीच बसली. दोन्ही दांडे हातात. "आज माझा खांदा दुखतोय. आज तुम्ही व्हा पोकलेन."

एकशे चार किलोंचं पोकलेन खोलीच्या मध्ये हात पुढं करून उभं राहिलं. तिनं उजवा दांडा ओढला, खांदा वर. डावा ढकलला, कोपर लांब. पायातली चप्पल म्हणजे जणू पेडल, ती अंगठ्यानं दाबून तिनं मशीन पुढं चालवलं, दारापाशी डावीकडे वळवलं आणि आतल्या मोरीपर्यंत नेऊन थांबवलं. तिथं सकाळपासूनची भांडी होती.

"हं," ती खुर्चीतूनच म्हणाली. "आता सांगा, त्या अंगठीचं पुढं काय झालं?"

पोकलेननं त्या संध्याकाळी चार ताटल्या, सहा वाट्या आणि दोन कप धुतले आणि अंगठीची सगळी गोष्ट सांगितली. एकही कप फुटला नाही.